बाळंतखोलीतला शब्द

मिग्दालिया इरिझारीच्या हातावर निम्मं याउको गाव जन्माला आलंय, असं आमच्या बेटावर म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. अठरा वर्षं ती गावच्या इस्पितळात बाळंतखोलीची नर्स होती. पोटावर तळवा ठेवला की बाळाचं डोकं कुठे, पाय कुठे, दिवस किती भरलेत, सगळं सांगायची. मग डॉक्टर यंत्र लावून तेच सांगायचे, आणि बायका म्हणायच्या, हे तर दोन्या मिग्दाने, म्हणजे मिग्दाबाईने, मघाशीच सांगितलं. बाजारात ती मिरच्या निवडत असली तरी तिला अडवायच्या.

"दोन्या मिग्दा, बघा ना जरा. आज सकाळपासून हललंच नाहीये."

मिग्दालिया पिशवी खाली ठेवायची, भर बाजारात पोटाला हात लावायची आणि म्हणायची, "झोपलंय गं. आईवर गेलंय, दुसरं काय!"

अशा बाईच्या वाट्याला हे यावं, याचाच संताप होतो. दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर माणूस म्हणालं असतं, नवशिकी होती, तिला काय कळणार. हिला सगळं कळत होतं.

आमचं बेट अमेरिकेच्या अमलाखालचं. नर्सिंगची परीक्षा पास झाली त्याच वर्षी वर्गातल्या चौघी मिळून अमेरिकेच्या राखीव फौजेत नाव घालून आल्या होत्या. तिघींनी लग्नं झाल्यावर सोडलं. मिग्दालियाने लग्नही केलं नाही आणि फौजही सोडली नाही. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यातले पंधरा दिवस, एवढीच काय ती फौज. तिची तुकडी म्हणजे तंबूतलं इस्पितळ. शनिवारी तंबू उभारायचे, रविवारी उतरवायचे, मधे कोणाच्या तरी बायकोने पाठवलेला तुरीच्या दाण्यांचा भात खायचा आणि एकमेकांची खेचायची. सगळी आमच्याच बाजूची माणसं. याउकोचा न्हावी, ग्वानिकाचा शाळामास्तर, विजेच्या खांबांवर चढणारे दोघे भाऊ. लढाईचं कोणी विचारलं तर मिग्दालिया म्हणायची, "आमची लढाई तंबूच्या खुंट्यांशी."

आणि एरिबेर्तो आयाला. हा गावात रुग्णवाहिका चालवायचा आणि फौजेतही रुग्णवाहिकाच चालवायचा, तिथे सार्जंट म्हणून. डोंगरातल्या कॉफीच्या वाड्यांवरून आठवड्याला दोन तरी अडलेल्या बायका तो घेऊन यायचा. बाळंतखोलीच्या दारावर इंग्रजीत एक जुनी पाटी होती, कुठल्याशा अमेरिकी आरोग्य योजनेने कधीकाळी ठोकलेली. त्यावर लिहिलं होतं, एक्स्पेक्टंट मदर्स. म्हणजे पोटुश्या, बाळाची वाट बघणाऱ्या. आयालाचं इंग्रजी असं तसंच, पण चौदा वर्षं रोज ती पाटी वाचून तेवढा एक शब्द त्याच्या तोंडात पक्का बसला होता. दारावर थाप मारून तो ओरडायचा:

"दोन्या, एक एक्स्पेक्टंट आणलीय! नवराही आणलाय, तोच जास्त बोंबलतोय, त्याला आधी घे!"

आतल्या बाईलाही कळा विसरून हसू यायचं. दोघांचा तो ठरलेला शब्द होता. फोनवरही आयाला दुसरं काही सांगायचा नाही. "एक्स्पेक्टंट, दोन्या, वीस मिनिटं," एवढं म्हणाला की इकडे गरम पाणी, कपडे, पाळणा, सगळं तयार.

मग इराकची लढाई सुरू झाली आणि तुकडीवर मेजर हॅल्व्हर्सन नावाची नवी बाई आली. नेब्रास्काची. उंच, कोरडी, वाईट नव्हती पण गोड बोलणं तिला ठाऊक नव्हतं. तिने सगळ्या नर्सेसचे कागद समोर घेतले आणि मिग्दालियाला बोलावलं.

"कॅप्टन इरिझारी, तुमचा विभाग बाळंतपण."

"हो मॅडम."

"माझ्याकडे सैनिक बाळंत होत नाहीत."

मिग्दालियाला तोंडात मारल्यासारखं झालं. मेजरने सरळ दोन वाटा सांगितल्या. दीड वर्षात विभाग बदलायचा, म्हणजे जखमींची नर्स व्हायचं, शिकून, परीक्षा देऊन, कागद हातात घेऊन. नाहीतर तिकडे अमेरिकेत बाळंतपणाच्या नर्सेस लागतात अशा एका इस्पितळाच्या तुकडीत बदली. तुकडी लढाईवर जाईल, ती तिकडे बसेल.

घरी आई म्हणाली, "बेचाळीस वर्षांची झालीस, पोरी. या वयात माणसं आहे ते काम सांभाळतात. जा ना तिकडे, चांगलं आहे. रक्त बघायला कशाला जायचं?"

"रक्त मी रोजच बघते, मामी." आमच्याकडे आईलाच मामी म्हणतात.

"ते वेगळं. त्या रक्तात शेवटी काहीतरी रडतं."

आईचं खरं होतं. पण मिग्दालियाच्या डोळ्यांपुढे न्हावी आणि मास्तर आणि आयाला विमानात चढताना दिसत होते, आणि स्वतः कुठल्यातरी बर्फाळ गावात दुपटी घड्या करत बसलेली. अठरा वर्षं एका ताटात जेवलो आणि आता मी मागे राहू? तिने पहिली वाट धरली. लोक म्हणाले, हट्टी आहे. होतीच.

दीड वर्ष तिने काय सोसलं ते सोपं नव्हतं. बाळंतखोली सोडली आणि पोन्से शहरातल्या मोठ्या इस्पितळात अपघात विभागात लागली, तेही सगळ्यांत खालच्या पायरीवर. तिच्यावर हुकूम चालवायला एक सव्वीस वर्षांची पोरगी होती. ती हिला सर्वांसमोर म्हणायची, "दोन्या, जरा घाई करा, हा काही नऊ महिने थांबणार नाही." गोळी लागलेले, गाडीखाली आलेले, भाजलेले. बाळंतखोलीत धीर धरणं हाच गुण होता. इथे धीर धरला की माणूस गेलाच. मिग्दालियाचे हात मऊ होते, ते तिने कठीण करून घेतले. चिमटे, नळ्या, पट्टे, रक्ताच्या पिशव्या. संध्याकाळी घरी येऊन कोचाच्या हातावर पट्टा आवळायचा सराव करायची. आई म्हणायची, "त्या कोचाला आता फाशी देतेस की काय!"

सगळं जमलं. घोडं अडलं ते एका शब्दापाशी.

एकदम खूप जखमी आले की फौजेत त्यांचे चार ढीग करतात. ढीगच म्हणतात, माणसांचे. पहिला, ताबडतोब हात लावायचे. दुसरा, थोडं थांबू शकणारे. तिसरा, किरकोळ. आणि चौथा, जे काही केलं तरी जगणार नाहीत असे. त्यांना लांबच्या कोपऱ्यात ठेवायचं, दुखणं कमी होईल असं औषध द्यायचं, कोणीतरी हात धरून बसायचं आणि पहिल्या ढिगाकडे वळायचं. आता लष्कराचं डोकं कसं चालतं ते देव जाणे, पण या चौथ्या ढिगाला त्यांनी नाव दिलंय एक्स्पेक्टंट. वाट बघणारे. कशाची, ते सांगायला नको.

पहिल्या सरावात मैदानभर रबरी बाहुले टाकले होते आणि मेजर एकेकाची हाक देत होती. "तीन नंबर, किरकोळ! सहा नंबर, एक्स्पेक्टंट!" आणि मिग्दालिया सगळं टाकून सहा नंबरकडे धावली. गुडघे टेकून त्याच्या पोटावर हात ठेवला. सगळं मैदान खो खो हसलं.

"किती महिने भरलेत, दाईबाई?" वायरमन भावांपैकी थोरला ओरडला.

मेजर हसली नाही. "कॅप्टन, तुम्ही मेलेल्यापाशी गेलात. मागे एक नंबर रक्त जाऊन मेला. एका शब्दाने जगणारा माणूस घालवलात."

दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. पाय आपोआप तिकडे वळले. तिसऱ्या महिन्यात ती थबकली, पण थबकलीच. अठरा वर्षं जो शब्द ऐकला की धाव घ्यायची सवय, तो ऐकून पाठ फिरवायची, हे सांगायला सोपं. मेजरने कागदावर शेरा मारला: निर्णय मंद. असा आणखी एक शेरा आणि विभागबदल रद्द.

तेव्हा मिग्दालियाने कानाला खडा लावला. एका कार्डावर तो शब्द लिहिला, खाली लिहिलं, "कोपऱ्यात. पुढे चल," आणि ते कार्ड फ्रिजच्या दारावर चिकटवलं. भात ढवळताना म्हणायची, कॉफी गाळताना म्हणायची. आईला सांगायची, मामी, मधेच कधीही हा शब्द टाक. आईला इंग्रजी येत नव्हतं, ती आपली देवळातून आल्या आल्या दारातूनच कसाबसा उच्चार करायची, आणि मिग्दालिया मोरीतून उत्तर द्यायची, "कोपऱ्यात! पुढे चल!" पाढे पाठ करावेत तसं तिने ते पाठ केलं. सहाव्या महिन्यातल्या सरावात मेजरने हाक दिली आणि मिग्दालियाने मान वर न करता हाताने कोपरा दाखवला. मेजर म्हणाली, "आता बरोबर." त्या दिवशी ती इतकी खूश होती की येताना सगळ्यांसाठी माशाच्या भज्यांच्या दोन पिशव्या घेऊन आली.

आयालाचंही एक सांगायला हवं. वायरलेसवर इंग्रजीतच बोलायचं, असा मेजरचा सक्त नियम होता. आता आमच्या स्पॅनिश बोलीत पोटुशी बाईला म्हणतात एम्बारासादा. आयालाने एका सरावात इंग्रजी म्हणून तोच शब्द ओढूनताणून फेकला, आणि पलीकडे 'एम्बॅरस्ड' ऐकू गेलं, म्हणजे रुग्ण बाई फार लाजलेली आहे. मेजरने विचारलं, "लाजलेली? मग काय करू तिचं?" पुढे वर्षभर त्याला कोणी सुखाने जगू दिलं नाही. काही झालं की, "आयाला, लाजलास का रे?" त्यानेही शपथ घेतली की पुन्हा हा शब्द वायरलेसवर काढायचा नाही. पोटुशीसाठी इंग्रजीतला दुसरा एकच शब्द त्याला येत होता, आणि ढीग ठरवायचे सराव चालत तेव्हा तो गाडीवर असायचा.

तुकडी गेली. आणि गेल्यावर तिचे तुकडे केले! ज्यांच्यासाठी मिग्दालियाने एवढं केलं त्यांतला एकही तिच्याजवळ राहिला नाही. न्हावी एकीकडे, मास्तर दुसरीकडे, आयाला चाळीस मैलांवरच्या एका चौकीवर रुग्णवाहिका घेऊन. मिग्दालियाला मोठ्या तंबूच्या इस्पितळात टाकलं. तिथे बेटावरची ती एकटीच, बाकी सगळे टेक्सास, ओहायो असे. मेजर हॅल्व्हर्सन मात्र तिथेच मुख्य होती. मिग्दालियाचं काम चांगलं चाललं होतं. मेजरने तिला दारावर नेमलं, येणाऱ्याचा ढीग ठरवायला. दारावर चांगल्यातल्या चांगल्या नर्सला ठेवतात. विभागबदलाचा शेवटचा कागद तेवढा यायचा राहिला होता.

मे महिन्यात एका दुपारी आयालाच्या चौकीजवळच्या एका बाजारात बॉम्ब भरलेली गाडी उडवली. अकरा सैनिक आणि कितीतरी गावकरी. दोन हेलिकॉप्टरं एकदम उतरली. पंख्यांच्या धुळीत मिग्दालिया दारात उभी राहून बोटांनी दाखवत होती: आत, आत, थांब, कोपऱ्यात. तेवढ्यात वायरलेसवर आयालाचा आवाज आला. चार महिन्यांनी त्याचा आवाज ऐकत होती ती.

"कॅप्टन? कॅप्टन इरिझारी? आयाला! बाई एक. गावची. पाय. पट्टा बांधला. एक्स्पेक्टंट, कॅप्टन! एक्स्पेक्टंट! ऐकलं?"

"ऐकलं. एक्स्पेक्टंट. आण."

"तू आहेस तिथे! देवा, बरं झालं!"

हे शेवटचं तो आमच्या बोलीत म्हणाला, नियम मोडून. मिग्दालियाला क्षणभर काहीतरी खुपलं. पायाची जखम आणि पट्टा बांधलेला, मग चौथ्या ढिगात कशी? एक प्रश्न विचारायचा होता फक्त. पण समोर एका पोराच्या मांडीतून रक्त उडत होतं, तिने त्यात अंगठा घातला आणि शेजारच्या माणसाला सांगितलं, "गाडीतून एक येतेय. कोपऱ्यात."

गाडी आली. आयालाने स्ट्रेचर उतरवून दिलं, तिच्याकडे बघून हात हलवला, आणि बाजारातले उरलेले आणायला तसाच वळला. दोन हमालांनी त्या बाईला कोपऱ्यात नेलं. काळ्या बुरख्यात आणि वर चांदीच्या रंगाच्या पांघरुणात गुंडाळलेली, चेहरा राखेसारखा. गावच्या बाईचे कपडे पुरुषांनी उघडायचे नाहीत असा हुकूम होता, तो त्यांनी पाळला. त्या कोपऱ्यात दातांच्या डॉक्टरचा एक मदतनीस बसवला होता. त्याने तिचा हात धरला आणि ओल्या बोळ्याने ओठ पुसत राहिला. सांगितलेलं काम त्याने नीट केलं. कोपऱ्यातल्यांना दर पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, ते काम मिग्दालियाचं. दोनदा वेळ आली, दोन्ही वेळा ती पोचली नाही.

चाळीस मिनिटांनी ती तिथे गेली. बाई अजून श्वास घेत होती. मिग्दालियाने सवयीने पांघरुणावर हात ठेवला.

तळव्याला कळलं. आठ महिने. डोकं खाली, पाठ डावीकडे. आणि आतलं अजून हलत होतं, दमल्यासारखं, एकदाच.

ती कशी किंचाळली ते त्या तंबूतल्या लोकांना आयुष्यभर आठवेल. तिने स्वतः स्ट्रेचरचं एक टोक उचललं आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेलं. पट्टा सैल झालेला, पांघरुणाच्या आत सगळं रक्त साचलं होतं. आई टेबलावरच गेली. सर्जनने पोट उघडून बाळ काढलं आणि मिग्दालियाच्या हातात दिलं, कारण तिथे दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं. वीस मिनिटं ती त्याच्या तोंडात फुंकत होती, दोन बोटांनी छाती दाबत होती, पाठ चोळत होती, स्पॅनिशमध्ये शिव्या देत होती त्याला, रड रे मेल्या, रड. मेजरने शेवटी तिचे खांदे धरले. मुलगा होता. केस भरपूर होते त्याला.

चौकशी झाली. त्याच संध्याकाळी मिग्दालियाने निवेदन लिहिलं. राग एवढा आला होता की पेन कागदातून आरपार जात होतं. जगू शकणाऱ्या बाईला रस्त्यावर कोणी मरणाऱ्यांत घातलं? तिने लिहिलं, "रुग्णवाहिकेवरच्या सार्जंटने रुग्णाचा चुकीचा वर्ग कळवला," आणि सही केली. तिला ते अगदी खरं वाटत होतं. वायरलेसची नोंद तपासली, तीत तोच शब्द दोनदा होता. आयाला चौकीवर होता, त्याला कोणी विचारलंही नाही. मेजर म्हणाली, "तुम्ही नियमाप्रमाणे वागलात, कॅप्टन." नऊ दिवसांनी विभागबदलाचा कागद आला: सर्व अर्थांनी पात्र.

त्याच दिवशी दुपारी आयाला गाडीला टायर बसवायला तळावर आला. धुळीने माखलेला, दात तेवढे पांढरे. तिला शोधत जेवणाच्या तंबूत आला, समोर बाकावर बसला, आणि पहिलं वाक्य म्हणाला:

"काय झालं, दोन्या? मुलगा की मुलगी?"

मिग्दालियाच्या हातातला घास हातातच राहिला. दारावरची थाप, कळा देत हसणाऱ्या बायका, ती पाटी, सगळं एका क्षणात तिच्या डोक्यात आलं. तो तिच्याशी बोलत होता. लष्कराशी नाही, तिच्याशी. जगात एकच माणूस असं होतं की ज्याला तो शब्द ऐकून धावायला हवं होतं, आणि तिने तो दीड वर्ष घासून घासून डोक्यातून काढला होता.

"काय गं? बोल ना. मी गाडीत तिला सांगत होतो, घाबरू नको, आमची दोन्या आहे तिथे. तिला काय कळलं देव जाणे, पण तिने माझं बोट धरलं."

"मुलगी," मिग्दालिया म्हणाली.

का म्हणाली ते तिलाही नीट सांगता आलं नाही कधी. जो हातात आला होता त्याच्याबद्दल खोटं बोलायला जीभ उचलेना, म्हणून तिने दुसरंच मूल सांगितलं. आयालाने टेबलावर मूठ आपटली. "मुलगी! बघ! मी म्हटलंच होतं!" आणि तिच्या थाळीतला पाव उचलून खाल्ला.

ती परत आली तेव्हा गावच्या इस्पितळाने बाळंतखोलीतली तिची जागा राखून ठेवली होती. फुलं लावली होती. ती एक दिवस गेली. पहिल्याच बाईच्या पोटावर हात ठेवायची वेळ आली तेव्हा तिने तो मागे घेतला आणि डॉक्टरला हाक मारली. दुसऱ्या दिवशी तिने मोतीबिंदूच्या विभागात बदली मागितली. तिथे कोणी जन्मत नाही आणि कोणी मरत नाही. बाजारातल्या बायकांना ती म्हणायला लागली, "माझे हात आता बिघडलेत, बायांनो, डॉक्टरकडे जा." लोकांना वाटलं, लढाईवरून आली की माणसं जरा चमत्कारिक होतात. आईने एकदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

आयाला मात्र ती मुलगी सगळ्या गावाला वाटत सुटला. पेट्रोल पंपावर, देवळाबाहेर, न्हाव्याच्या दुकानात. त्याने तिचं नावही ठेवलं होतं, मिग्दालियिता, छोटी मिग्दालिया. दर मे महिन्यात तो म्हणायचा, आज आपली मिग्दालियिता दोन वर्षांची झाली. आज तीन. फौजेत त्याची बढती तीनदा हुकली. दर वेळी कागद वरून परत यायचा, कारण न देता. तो हसून म्हणायचा, "माझं इंग्रजी, दुसरं काय. त्यांना वाटत असेल, हा परत लाजेल." मिग्दालियाला कारण ठाऊक होतं. ते तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं. एक पत्र लिहिलं की काम झालं असतं. तिने ते किती वेळा लिहायला घेतलं आणि फाडलं याचा हिशेब नाही. भित्री नव्हती ती, पण या एका गोष्टीत भ्याली, आणि मी तिची बाजू घेणार नाही.

चौथ्या वर्षी आयालाची वीस वर्षं भरली आणि तो सार्जंटचा सार्जंटच राहून निवृत्त झाला. ग्वानिकाला त्याच्या भावाच्या अंगणात जेवण होतं. भर दुपार, डुक्कर सळईवर फिरत होतं, केळीच्या पानातले पास्तेलेस उकळत होते, न्हावी, मास्तर, वायरमन भाऊ, सगळे आपापल्या बायकापोरांसह. आयाला खुर्चीवर चढला. हातात बाटली.

"मित्रांनो, मला बढती नाही दिली त्यांनी. नका देऊ! मी त्या वाळवंटात काय केलं ते मला ठाऊक आहे. एका बाईला आणि तिच्या मुलीला या माझ्या हातांनी पोचवलं, आणि या बाईने त्यांना वाचवलं. ऊठ, दोन्या! उभी राहा, बघू दे सगळ्यांना!"

टाळ्या वाजायला लागल्या. कोणीतरी तिची खुर्ची मागे ओढली. मिग्दालिया उभी राहिली. टाळ्या थांबायची वाट बघत ती उभी राहिली, आणि त्या थांबल्या तेव्हा म्हणाली:

"मुलगी नव्हती, एरिबेर्तो. मुलगा होता. जगला नाही."

वायरमन भावांतला धाकटा अजून हसत होता. त्याच्या बायकोने त्याला ढोसलं.

"आणि आई?" आयालाने विचारलं.

"ती त्याच्या आधी गेली. तू बरोबर सांगितलं होतंस. मी मरणाऱ्यांतली समजले. कोपऱ्यात ठेवली तिला. आणि मग कागदावर लिहिलं की चूक तुझी. त्याच कागदामुळे तुझी बढती अडली. उद्या मी खरं काय ते लिहून पाठवते आहे. आज तुला सांगितल्याशिवाय पाठवायचं नव्हतं."

आयाला खुर्चीवरून खाली उतरला, हळूहळू, म्हाताऱ्यासारखा. बाटली त्याने जमिनीवर ठेवली.

"किती वेळ पडून होती?"

"चाळीस मिनिटं."

त्याने दोन्ही हात पुढे धरले, गाडीचं चाक धरल्यासारखे, आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"चाळीस मैल होते," तो म्हणाला. "रस्त्यात सुरुंग होते, दोन्या. सगळे दहाच्या वेगाने जायचे. मी एकदाही ब्रेकला पाय लावला नाही."